पाच तास

वेळापत्रकात लिहिलं होतं: मंगळवार, संगीत, एक तास.
मकास्सरहून येताना मी दोन डफ आणले होते,
चाळीस पेन्सिली, खडूंच्या सहा पेट्या
आणि छापील तक्ते,
ज्यांच्या शेवटच्या रकान्यात 'प्रगती' भरायची असते.

माझ्याकडे घड्याळातला एक तास होता.
मासिताकडे पाच होते, पितळेचे,
चिखलातून उपसून काढलेले.
मूळचे सात. काकुला म्हणतात इथं त्या रांगेला.
लग्नात वाजायची, सुंतेला वाजायची,
पाहुणे जेवून उठेपर्यंत थांबायची नाही.

पालूच्या या अंगाला जमीन नुसती हलली नाही,
चालायला लागली.
सैल भिजवलेल्या कणकेसारखी झाली
आणि मका, नारळ, मशिदीचा पत्र्याचा घुमट,
सगळं बसल्या जागेवरून उठवून घेऊन गेली.
मासिताचं अंगण सापडलं
कुणा परक्याच्या परसात.
तिचीच मोरी, तिचीच दोरी,
दोरीवर चिमटे.
नवरा सापडला नाही.

मुलांना म्हटलं, घर काढा.
काढली त्यांनी. दारं, खिडक्या,
एकीनं तर पडद्यावरची फुलंसुद्धा.
खाली रेघ मात्र कुणीच ओढली नाही.
बत्तीस घरं, बत्तीसही अधांतरी.
जमीन कुठाय रे, मी विचारलं.
रिफ्की म्हणाला, तेच तर.
तो आठ वर्षांचा आहे. बूट घालून झोपतो.

तीन मंगळवार मासिता नुसती तास घासत बसली.
चिंचेचा कोळ, राख, जुन्या सारोंगचा बोळा.
तक्त्यात मी लिहिलं: सहभाग नाही.
ते नंतर खोडलं. खोडल्याचं दिसतं अजून.

चौथ्या मंगळवारी तिनं काठ्या उचलल्या.
पहिला, दुसरा, मग रिकामी खोबण.
काठी तिथंही उतरली,
हवेतच, बिनआवाजाची,
आणि वर गेली. चौथा. पाचवा. पुन्हा रिकामी.
शेडच्या दाराशी बाया येऊन उभ्या होत्या.
चाल सगळ्यांना पाठ.
रिकाम्या जागेशी आलं की
कुणी ओठ मिटायची, कुणी पदराची गाठ धरायची,
आणि पुढचा ठोका पडला की सोडायची.
हसना म्हणाली, अगं, ही माझ्या लग्नातली!
हसली, आणि मटकन खाली बसली.
वाटलं आता रडेल.
भात टाकायचा राहिलाय, म्हणाली, पण उठली नाही.

एकदा ऐन वाजवण्यात धक्का आला. लहानसाच.
क्षणात सगळे बाहेर, मी सगळ्यांच्या आधी.
आत पाचही तास आपले आपण
थरथरत, किणकिणत राहिले.
मासिता दाराबाहेरून कान देऊन ऐकत होती.
"ताल नाही हिला," ती म्हणाली.
जमिनीबद्दल बोलत होती.
पहिल्यांदा हसला तो रिफ्की.

मग मी मकास्सरला पत्र लिहून
दोन नवे तास मागवले. आले.
इतके चकचकीत की त्यात छपराचे खिळे दिसत.
तिनं बोटानं टिचकी मारून पाहिली,
चांगले आहेत म्हणाली,
आणि कागदात गुंडाळून पेटीत ठेवले.
मी काही बोलणार होते.
"त्या जागी आम्ही थांबतो," ती म्हणाली.
एवढंच.

तेव्हापासून मीही थांबायला शिकते आहे.
चुकतं. माझा डफ नेमका तिथंच वाजतो
आणि बाया माझ्याकडे बघतात,
लहान मुलाकडे बघावं तशा.

काल महिन्याचा तक्ता भरायचा होता.
घरांखाली अजून रेघ नाही.
एका घराला कुणीतरी दोर बांधलाय,
वर ढगाला की कशाला, ते कळत नाही.
प्रगतीच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं.
शेवटी लिहिलं:
रिफ्की. दुपारी ठेका धरताना
डावा बूट काढून ठेवला.
उजवा पायात आहे.